शेऱ्याचा रकाना

बाबांच्या वहीत पाच रकाने आहेत. तारीख, दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, आणि सगळ्यात उजवीकडे शेरा. लाल कापडी पाठीची, लांबट आकाराची ही वही म्हणजे मुळात दुकानातली न वापरलेली खतावणी. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडतीवर दिवाणजी होते. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहायचे आणि संध्याकाळी घरी येताना वाट वाकडी करून नगर वाचनालयात पुस्तक बदलायचं, हा त्यांचा २८ वर्षांचा क्रम. पहिली नोंद जून १९६८ ची, शेवटची १९९६ च्या दिवाळीतली. सगळी पेन्सिलीनं लिहिलेली.

शेरा कधी एका ओळीपलीकडे जात नाही. 'बरे.' 'शेवट घाईत उरकला.' 'माणसे खरी, बोलणे खोटे.' 'पान ८१-८२ नाही, ग्रंथपालांस सांगितले.' 'हिला वाचून दाखवले.' ही म्हणजे आई. तिची शाळा चौथीतच सुटली होती, आणि रात्री भांडी आवरून झाल्यावर ती तांदूळ निवडत बसायची तेव्हा बाबा तिला मोठ्यानं वाचून दाखवायचे, हे मला आठवतं. पण त्याचीही त्यांनी नोंद ठेवली असेल हे माहीत नव्हतं. शिवाय वर्षातून दोनतीनदा येणारा एक शेरा आहे: 'परत वाचणे.'

ही वही असल्याचं आम्हा भावंडांपैकी कुणाच्याच लक्षात नव्हतं. पुरानं ती बाहेर काढली.

कृष्णेच्या पुराचं सांगलीला नवल नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे आकडे आमच्याकडे लहान पोरांनाही पाठ असतात. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. हरिपूरची हळदीची पेवं तेव्हा बुडाली, पण गावभागातल्या आमच्या घराच्या उंबऱ्याला पाणी नुसतं लागून परत फिरलं. त्याच खुणेवर भरवसा ठेवून दादा-वहिनींनी ऑगस्ट २०१९ मध्ये सामान कॉटवर आणि टेबलावर चढवलं. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं.

"ताई, माणसं सगळी नीट आहेत," वहिनीचा फोन आला. "पण तुमची वह्यांची ट्रंक खालच्या खोलीतच राहिली हो."

रस्ते सुरू झाल्यावर मी साताऱ्याहून गेले. घरात घोट्याएवढा गाळ होता, आणि त्या गाळाचा वास पुढं कित्येक दिवस नाकातून गेला नाही. ट्रंकेची कडी गंजून घट्ट बसलेली, ती दादानं हातोडीनं उघडली. आत माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्या सात वह्या होत्या. कथांचे कच्चे खर्डे, वाचलेल्या पुस्तकांतून उतरवून घेतलेलं, मैत्रिणींशी झालेली भांडणं, सगळं रॉयल ब्लू शाईनं लिहिलेलं. एक वही उघडली. पान फिकट निळं. दुसरं पानही निळं. अक्षर एकही नाही, नुसतं संध्याकाळचं आभाळ असावं तसा कागद. शाई पेनाची ती निळी शाई म्हणजे पाण्यात विरघळवलेला रंग, आणि पाणी पुन्हा आलं की तो त्याच्याबरोबर निघून जातो. मध्ये कुठं तरी बॉलपेननं लिहिलेली चार-दोन वाक्यं तेवढी टिकली होती, कारण बॉलपेनची शाई तेलकट असते, तिला पाणी विरघळवत नाही.

सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, बाबांची खतावणी होती. पानं चिकटली होती, कडा गाळानं काळ्या झाल्या होत्या, पण एक पान सुरीच्या बोथट बाजूनं हळूच सोडवलं आणि आतली ओळ न ओळ स्वच्छ होती. पेन्सिल म्हणजे ग्राफाइटचे बारीक कण. ते कागदाच्या तंतूंत अडकून बसतात, विरघळत नाहीत. बाबा गेल्यावर जवळजवळ वीस वर्षांनी त्यांचं अक्षर मी पाहत होते. माझं स्वतःचं त्या चार-दोन वाक्यांपलीकडं एकही अक्षर उरलं नव्हतं.

त्याच दिवसांत नगर वाचनालयातही पाणी शिरलं होतं. हजारो पुस्तकं गेली. ओलं पुस्तक फुगतं, आणि कपाटात दाटीनं लावलेली पुस्तकं एकदम फुगली की एकमेकांना अशी आवळून धरतात की बोट घालायलाही फट राहत नाही. बाहेर काढताना ती फाटतात. तो लगदा मी पाहिला. बाबांच्या वहीत ज्यांचे दाखल क्रमांक आहेत त्यांतली किती पुस्तकं त्यात असतील, हे मनात आल्यावर तिथं उभं राहवेना.

१९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीचं पाणी असंच तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात घुसलं होतं. जगभरातून आलेल्या तरुण मुलामुलींनी रांगा लावून हातोहात पुस्तकं चिखलातून वर काढली. त्यांना लोक 'चिखलातले देवदूत' म्हणायला लागले. भिजलेली पुस्तकं वाचवण्याचं आजचं शास्त्र बरंचसं त्या पुरानंतर उभं राहिलं. ज्यांच्या घरी कधी पाणी शिरेल त्यांच्यासाठी त्यातलं थोडं सांगून ठेवते. ओलं पुस्तक उन्हात टाकायचं नाही, पानं वेडीवाकडी होतात. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर, दर आठ-दहा पानांमागं कोरा शोषक कागद घालायचा आणि तो बदलत राहायचा. पुस्तकं फार असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. गोठल्यानं बुरशी थांबते आणि एकेक करून वाळवायला वेळ मिळतो.

खतावणी मी साताऱ्याला आणली आणि मधल्या खोलीत वाळवण घालतात तशी घातली. अकरा दिवस लागले. रोज पानं उलटायची, कागद बदलायचे. पानं उलटताना वाचणं आलंच. १९६८, ६९, ७०. अकरा दिवसांत मी बाबांची २८ वर्षं वाचून काढली, आणि बाराव्या दिवशी मोती चौकातून दोनशे पानी वही घेऊन आले.

मी एकेकाळी लिहीत होते. सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात शिकले, म. द. हातकणंगलेकरांनी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं ते कॉलेज. २००८ मध्ये सांगलीत साहित्य संमेलन भरलं तेव्हा तेच अध्यक्ष होते. त्या कॉलेजच्या वार्षिक अंकात माझ्या दोन कथा आल्या, मग दिवाळी अंकांत तीन. १९८६ मध्ये लग्न होऊन साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत आले, बँकेत नोकरी होती, दोन मुलं झाली. शेवटची कथा १९८९ ची. मला कुणी थांबवलं नाही. सासूबाई तर उलट विचारायच्या, "हल्ली काही लिहीत नाहीस का गं?" एक दिवाळी हुकली, मग दुसरी हुकली, आणि मग कागद पुढं घेतला की पहिल्याच वाक्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटू लागलं. वाक्य खोडायचं, कागद ठेवून द्यायचा, कुकर लावायला उठायचं. अशी तीस वर्षं गेली. त्या तीस वर्षांत वाचणंही सुटत गेलं, हे मला जास्त लागतं. लिहिण्यासाठी निवांतपणा हवा म्हणता येईल. वाचायला बाबांना तो कुठं होता?

नव्या वहीत पाच रकाने आखले. पहिलं पुस्तक घेतलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', कारण त्याच्यापुढं बाबांचा शेरा होता: 'हिला वाचून दाखवले.' वाचून झालं आणि मी शेरा लिहिला: 'सदर पुस्तकात लेखिकेने आपल्या जीवनातील प्रसंगांचे वर्णन केलेले असून ते वाचनीय आहे.'

ते वाक्य माझं नव्हतं. ते बँकेचं होतं. ३४ वर्षं 'उपरोक्त विषयास अनुसरून' आणि 'सबब आपणांस कळविण्यात येते की' लिहून हाताला तेच वळण पडलं होतं. त्या पत्रांची गरज होती, ती मी नीट लिहिली, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्या भाषेत 'मी' नसतो. वाचणारी बाई कोण, ती कुठं हसली, कुठं तिला आईची आठवण आली, हे त्या भाषेत सांगता येत नाही. मी पान तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं: 'वाचताना मी कुठं थांबले?' थोडा वेळ काही सुचेना. मग आलं: 'घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेणाऱ्या वडिलांबद्दल लिहितानाही ही बाई कुढत नाही. हे सगळं सोसलेल्या माणसाला असं मोकळं बोलणं कसं जमलं असेल? बाबा वाचून दाखवत होते तेव्हा आई कुठं हसली असेल? विचारायचं राहिलं.'

तीस वर्षांनी लिहिलेलं ते माझं पहिलं खरं वाक्य. लिहिलं तेव्हा कळलंही नाही, चार दिवसांनी वही पुन्हा उघडली तेव्हा कळलं.

लिहिणं परत यावं म्हणून पुष्कळजण कथेपासून सुरुवात करायला जातात, नाही तर रोज तीन पानं लिहायचा पण करतात. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण कोऱ्या कागदापुढं बसलेल्या माणसाकडं स्वतःशिवाय काही नसतं, आणि बरीच वर्षं न लिहिलेल्या माणसाला स्वतःचीच भीती वाटते. वाचलेल्या पुस्तकाबद्दल लिहायचं तर सुरुवात दुसऱ्यानं करून दिलेली असते. आपण फक्त उत्तर द्यायचं. शेऱ्याला कुणी कथा म्हणत नाही, त्याला शेवट लागत नाही, तो छापायला जाणार नाही. त्या मोकळीकीत हात सुटतो.

अशा वहीचे पूर्वज कोण, हे मी शोधू लागले. बँकेतल्या टपालाच्या नोंदवहीला आम्ही बारनिशी म्हणायचो, आवक बारनिशी आणि जावक बारनिशी. रोजनिशी तिचीच बहीण. दोन्हींतली 'निशी' फारसी 'नवीस'वरून आली, म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही त्याच घराण्यातली आडनावं. साताऱ्याला अशा नोंदींची जुनी सवय आहे. छत्रपती प्रतापसिंह महाराज रोजनिशी ठेवत असत. १८१८ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं, १८३९ मध्ये इंग्रजांनीच उतरवून काशीला पाठवलं, आणि १८४७ मध्ये ते तिकडंच वारले. त्याही आधीच्या काळातले, सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या रोजनिश्यांतले निवडक उतारे गणेश चिमणाजी वाड यांनी काढले, ते खंडाखंडांनी छापले गेले. मी रोज राजवाड्यावरून जाते. तिथं भरणाऱ्या शाळेच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव दाखल झालं. एका ओळीची नोंद, आणि तिच्यामुळं आज तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो.

पण वाचणाऱ्याच्या वहीचा खरा पूर्वज मला बोगदा ओलांडून, परळीच्या वाटेवर, सज्जनगडाच्या बाजूला सापडला. रामदासी परंपरेत शिष्य ग्रंथ उतरवून घेत, आणि त्या हस्तलिखित वहीला 'बाड' म्हणत. बाड म्हणजे एकाच ग्रंथाची प्रत असेल असं नाही. दासबोधाचे समास, आणखी कुणाकुणा संतांची पदं, आरत्या, जे जे उतरवून ठेवण्याजोगं वाटलं ते सगळं एकत्र. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्यभर गावोगाव फिरून अशी बाडं गोळा केली, आणि ती धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात जपली गेली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. शाळेत असताना तो सुंदर हस्ताक्षराचा उपदेश म्हणून वाचला होता. पुरानंतर परत वाचला तेव्हा अंगावर काटा आला. समर्थ त्यात सांगतात की कागदाच्या चारी बाजूंना जागा सोडावी आणि मधोमध लिहावं, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते वाचता येत नाही, मध्यम अक्षर काढावं. ज्यानं ओली, कुजकी, कडा खाल्लेली बाडं हाताळली आहेत त्यालाच हे सुचणार. बाबांच्या खतावणीच्या कडा गाळानं गेल्या, पण बाबांनी समास सोडलेला होता. पानाच्या कडेला सोडलेल्या कोऱ्या पट्टीला मराठीत समासच म्हणतात.

युरोपातही वाचणाऱ्यांच्या वह्यांची मोठी परंपरा आहे. सोळाव्या शतकातल्या मोंतेन या फ्रेंच निबंधकाराला वाचलेलं आठवत नसे. तेव्हा तो पुस्तकाच्या शेवटी ते वाचून संपवल्याची तारीख आणि आपलं मत लिहून ठेवायचा, म्हणजे बाबांच्या वहीसारखंच. त्या छोट्या शेऱ्यांचा आणि त्यानं पुढं लिहिलेल्या निबंधांचा जवळचा संबंध आहे. सतराव्या शतकात जॉन लॉक या तत्त्वज्ञानं अशा वह्यांसाठी सूची करायची रीत सांगितली: शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्याच्यातला पहिला स्वर धरून नोंद कुठं आहे ते लिहायचं. मी ती मराठीत करून पाहिली आणि फार आनंद झाला, कारण आपल्या बाराखडीत अक्षर आणि स्वर आधीच एकत्र असतात. पाण्याबद्दलच्या नोंदी 'पा'खाली, पुराच्या 'पु'खाली. वहीच्या शेवटच्या चार पानांवर ही बाराखडी आहे. 'आ'खाली सगळ्यांत जास्त पानांचे आकडे झालेत. त्यांतले बहुतेक आईचे.

माझी रीत आता बसली आहे. पेन्सिल, कारण पाण्याचा भरवसा नाही. तारीख आणि कुठं वाचलं ती जागा. पुस्तकातलं एक वाक्य पान क्रमांकासह, बघून, हातानं उतरवलेलं. मग पुस्तक मिटायचं आणि न बघता आपलं लिहायचं. हे मिटणं महत्त्वाचं आहे. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो बाजूला ठेवून आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. हातानं लिहावं की संगणकावर, यावर २०१४ च्या एका अभ्यासात हाताच्या बाजूनं कौल आला होता. पुढच्या प्रयोगांत तो फरक इतका ठळक दिसला नाही, तेव्हा मी त्याचा आग्रह धरत नाही. मला पेन्सिल बरी वाटते एवढंच. डावीकडचं पान मात्र कोरं सोडते. महिन्यांनी परत आल्यावर तिथं लिहायचं असतं, आणि खरं लिखाण तिथंच होतं, असा माझा अनुभव आहे.

वाईला विश्वकोश मंडळाच्या वास्तूवरून गेले की एक गोष्ट मनात येते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ते काम उभं केलं, १९७६ मध्ये पहिला खंड आला. विश्वकोशातल्या पंधरा-वीस पानी लेखालाही 'नोंद'च म्हणतात. हा शब्द मला धीर देतो.

पहिली पाच पानी नोंद भिलारला झाली. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना घेतली, पण तिथं पुस्तकांची दुकानं आहेत, आणि भिलारला पुस्तकं लोकांच्या घरांत आहेत. कुठं कादंबऱ्या, कुठं चरित्रं, कुठं विज्ञान. कुणाच्याही ओसरीवर जाऊन बसावं, वाचावं, कुणी पैसे मागत नाही. मी निवृत्त झाल्यावर, करोनाचं सावट सरल्यानंतर एका मंगळवारी एसटीनं गेले. एका घरी चरित्रांचं कपाट होतं. घरच्या बाईंनी विचारलं, "मावशी, चहा साखरेचा ठेवू का बिनसाखरेचा?" आणि चहा ठेवून त्या शेतावर गेल्या. ओळख ना पाळख, घर उघडं, पुस्तकं उघडी. मी एका चरित्रावर शेरा लिहायला घेतला आणि तो त्या बाईंवर गेला, तिथून बाबांवर, तिथून दुकानातल्या हळदीच्या वासावर, जो बाबांच्या सदऱ्याला आणि म्हणून वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला लागायचा. पाच पानं झाली तेव्हा ऊन कलंडलं होतं.

लिहिणं थांबण्याचा विचार आला की मला कादंबरीकार वि. स. खांडेकर आठवतात. त्यांचा जन्म सांगलीचा, १८९८ चा. 'क्रौंचवध' १९४२ मध्ये आली, आणि त्यानंतर दहा वर्षांहून जास्त काळ त्यांची नवी कादंबरी आली नाही. मग 'अश्रू', आणि १९५९ मध्ये 'ययाति', जिला पुढं ज्ञानपीठ मिळालं. मधल्या काळात ते गप्प नव्हते. कथा, लघुनिबंध लिहीत होते. चाळीसच्या दशकात खलील जिब्रानच्या रूपककथा त्यांनी मराठीत आणल्या. मोठं काम थांबलेलं असताना ते दुसऱ्याच्या लेखनाला धरून राहिले, असं मी त्याकडं बघते. अभ्यासक कदाचित वेगळं सांगतील. लिहिणं थांबलेल्या माणसाला मात्र हे जवळचं वाटतं.

मी एक लेख एका अंकाला पाठवला. तो परत आला, सोबत एक ओळही नव्हती. पूर्वी असं झालं असतं तर मी महिनाभर कागदाला हात लावला नसता. या वेळी त्या तारखेला वहीत दोन ओळी लिहिल्या आणि आदल्या दिवशी अर्धं ठेवलेलं पुस्तक उघडलं. नंतर दुसरा लेख दुसरीकडं छापून आला. त्याचा आनंद झाला, नाही कसा होणार? पण वही त्याच्यासाठी नव्हती.

गेल्या थंडीत सांगलीला गेले तेव्हा दादाच्या कार्डावर नगर वाचनालयातून 'बनगरवाडी' आणली. कारण वहीत आहे: १४ मार्च १९७१, व्यंकटेश माडगूळकर, शेरा 'परत वाचणे'. मी सगळी खतावणी तीनदा पाहिली, १९९६ पर्यंत. 'बनगरवाडी'ची दुसरी नोंद नाही. बाबांचं परत वाचायचं राहून गेलं.

आता मिळालेली प्रत नवी होती. कोऱ्या कागदाचा वास, दाखल क्रमांक वेगळा. सकाळची कोयना एक्स्प्रेस पकडली, खिडकी मिळाली. नांद्रे, भिलवडी गेलं. पुस्तकात औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर पोरगेला मास्तर चालत निघालाय, शाळेला पोरं नाहीत, ती मेंढरांमागं. किर्लोस्करवाडीला गाडी थांबली. हेही त्या वेळी औंध संस्थानच. माळरानावर १९१० मध्ये कारखाना उभा राहिला, आणि नांगर बनवणाऱ्या त्याच वाडीतून शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये मासिक सुरू केलं, १९३० मध्ये 'स्त्री'. आईच्या मावशीकडं 'स्त्री'चे अंक दोऱ्यानं बांधून ठेवलेले असायचे, आणि त्यातलं कधीकधी ती आईला वाचून दाखवायची. आईला वाचून दाखवणारी माणसं आयुष्यभर भेटत गेली, हे मला तिथं, फलाटाकडं बघताना सुचलं. मी पेन्सिल काढली आणि तेवढं लिहून घेतलं.

ताकारी, शेणोली, कऱ्हाड. मास्तरानं तालीम बांधून घेतली, औंधचे राजेसाहेब वाडीत येऊन गेले, आणि मग पाऊस येईना. मेंढरं मरायला लागली. एकेक घर गाव सोडून निघालं. रहिमतपूरच्या अलीकडं पुस्तक संपलं. बाहेर उसाची शेतं होती, पाट भरून वाहत होते. पाण्यानं घर सोडावं लागलेली माणसं मी पाहिली होती, आणि मांडीवर पाण्यावाचून घर सोडणाऱ्यांची गोष्ट होती, तिथून फार तर दोन तालुके पलीकडची.

बाबांची खतावणी पिशवीत होती. मी १४ मार्च १९७१ चं पान काढलं. त्यांच्या शेऱ्याखाली बोटभर जागा कोरी होती. तिथं तारीख घातली, नवा दाखल क्रमांक घातला आणि लिहिलं: 'परत वाचले.' मग माझी वही उघडली. कोरेगाव गेलं, माहुलीचं, म्हणजे साताऱ्याचंच, स्टेशन आलं, शेजारच्या बाईंनी "अहो, सातारा आला, उतरायचंय ना?" म्हणून दंडाला हात लावला तेव्हा मी चौथ्या पानावर होते.